'भ'ची गाठ

तीर्थरूप मामांना,

वाकून नमस्कार. (पाय मनातच शिवले, हाताला निळा रंग आहे, कारण पुढे येईल.) गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला शिडीवर चढू देत नाहीत, असं आईकडून कळलं. त्यांचं बरोबरच आहे, तूर्तास तरी.

तुमचा ब्रश ठेवून मी कॉम्प्युटरवर पाट्या करायला लागलो तेव्हा तुम्ही रुसलात. पण हा नवा टाइप पाहाल तर निवळाल. सगळी अक्षरं कंपास आणि पट्टीने काढलेली. गोल म्हणजे गोल, दांडा म्हणजे दांडा, जाडी सगळीकडे एकच. (तुमच्या अक्षरांना पोट असतं, कंबर असते, ही जन्मभर पथ्यावर असल्यासारखी.) चष्मेवाला तर त्यातल्या 'ठ'वर इतका खूश झाला, की गरज नसताना पाटीत 'ठणठणीत नजर' घालून घेतलं.

मग डॉक्टरांनी (माझे होणारे सासरे; लग्नाला तीन आठवडे आहेत) दवाखान्याची पाटी सांगितली: 'रुग्ण भरती विभाग'. या टाइपात 'भ'ची वरची गाठ काढून टाकली आहे, गोलात बसत नव्हती म्हणून. उरते ती डोक्यावरच्या रेघेतली फट. जवळून झकास दिसते. रस्त्यापलीकडून मात्र ती मिटते आणि 'भ'चा 'म' होतो.

मामा, 'रुग्ण मरती विभाग' ही पाटी चार दिवस दिव्यांसकट झळकत होती. एक आजोबा ती वाचून दारातूनच बरे होऊन परतले. समोरचा औषधवाला म्हणाला, "डॉक्टर, निदान खरं तरी लिहिलंत." डॉक्टरांनी मला हाताला धरून पलीकडे नेलं. "वाचा, जावईबापू." मी वाचलं. "ज्याला 'भ'ची गाठ मारता येत नाही, त्याच्याशी मुलीची गाठ कशी मारू?" सोमवारपर्यंत मुदत आहे. मुलगी मध्ये पडली नाही. तिला हसू आवरत नव्हतं.

मी निळा रंग घेऊन ब्रशने गाठ मारून पाहिली. अक्षरावर माशी बसल्यासारखी दिसते. टाइप मात्र उत्तमच आहे. चूक रस्त्याच्या रुंदीची.

तुमचा भाचा

ता. क. शनिवारी या. जाड ब्रश आणा. शिडी मी धरीन. मामींना नुसतं भेटायला जातो म्हणा.

आणखी ता. क. बारीक ब्रशही आणा. लग्नपत्रिका याच टाइपात छापून आल्या आहेत. बारीक छपाईत फट मिटून वर 'शुमविवाह' झालं आहे. डॉक्टरांनी अजून पत्रिका वाचलेली नाही. त्यांचा चष्मा दुरुस्तीला आहे, आणि चष्मेवाल्याला मी सवडीने कर म्हटलं आहे. गाठी तीनशे आहेत.