ऊन पडलं की वाजतो

रविवार, ता. ११

ती. ताई,

नमस्कार. यापुढे काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं, त्या दिवशी मी दांडी मारली असणार. मी बरा आहे. जेवतो, झोपतो, कामावर जातो. सध्या एका उंच इमारतीला बाहेरून रंग मारतोय, दोरांवर लटकत. कागदावर लिहून फोटो पाठवतोय, कारण फोनवर तू रडतेस आणि मी नुसता हं हं करतो.

खोलीतल्या वेल्डरने मला एक नाद लावलाय. आभाळात जुने उपग्रह फिरतात. काही हरवलेले, काही मुद्दाम लपवलेले, कुणाचे ते कुणी सांगत नाही. जगभरचे हौशी लोक ते हुडकत बसतात. आम्ही पोलादी मापपट्टीचे तुकडे पाइपावर बसवून एरियल केलंय, ते रेडिओला जोडायचं. संध्याकाळी गच्चीवर मी एरियल फिरवतो आणि वेल्डर हेडफोन लावून शिव्या घालतो. "डावीकडे, गाढवा! जेवायच्या हाताकडे नाही!"

गेल्या आठवड्यात एक सापडला. वेल्डरच्या जन्माआधी सोडलेला, मालकांनी केव्हाच सोडून दिलेला. मी हेडफोन ओढून घेतला, तर कानात शीळ. बारीक, हळूहळू खाली उतरणारी. मी ओरडलो, "जिवंत आहे! आपल्याशी बोलतोय!"

वेल्डर म्हणाला, "जीव कसला, लेका. बॅटरी मेलीय. सोलरवर ऊन पडलं की नुसता वाजतो. थांब, बघ आता."

उपग्रह पृथ्वीच्या सावलीत गेला. शीळ मधेच तुटली.

मी रोज ऐकतो आता. शिळेत काही शब्द आहेत का बघतो. नाहीत.

तू लिहिलंस, दवाखान्यात मोबाइल कानाशी धरून माझा आवाज लावला की अण्णांचं बोट हलतं. डॉक्टर म्हणतात आत काही उरलेलं नाही, श्वास मशीनचा आहे. आणि तू म्हणतेस, धाकटा, म्हणजे मी, हो म्हणेपर्यंत मशीन काढायच्या कागदावर सही करणार नाही.

मुकादमाने स्वतःहून विचारलं, सुट्टी हवी का. मी म्हटलं, बघतो. आणि रंगाचा डबा उचलून वर गेलो. मला रडू येत नाही, ताई. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल कसा आपला वाटत नाही, तसा सगळाच झालोय.

एक गोष्ट दाजींनी तुला सांगितली नसेल. मीच नको म्हटलं होतं. परवा तू घरी आंघोळीला गेलीस तेव्हा मी त्यांना फोनवर म्हटलं, मोबाइल खिशात ठेवा आणि नुसते बसून बघा. ते बसले. माझा आवाज नव्हता, कुणाचाच नव्हता.

बोट हललं.

दाजींनी मला परत फोन केला. म्हणाले, "तूच सांग तिला. माझ्याच्याने होणार नाही."

म्हणून सांगतो. हो. सही कर. पण मी आल्यावर. आज सुट्टी मागितली, मिळाली. सकाळची वेळ घ्या, आणि खाट खिडकीशी घेता येते का विचार. पडदा पूर्ण बाजूला कर.

मी निघालोय हे त्यांच्या कानात सांगत बसू नकोस. हे तुझ्यासाठी लिहिलंय.

मान वर करून चालतो म्हणून अण्णांनी मला जे नाव ठेवलं, त्या नावाने यापुढे तू हाक मारत जा.

तुझा,
आभाळ्या