कौसाबाईनं भरलेली भिंत

९ जाने. ७५, गुरुवार

शाळेतून आले तर घरात पाय ठेवायला जागा नाही. प्रभाकरनं समोरच्या खोलीच्या तिन्ही भिंती फोडून ठेवल्यात. वरून खाली, खालून आडवं, दाराच्या डोक्यावरून पुन्हा खाली. मनगट आत बसेल एवढ्या रुंद खाचा, त्यात काळे लोखंडी पाइप. म्हणे अकोल्याच्या नव्या बंगल्यांत लाकडी पट्टीवरून वायर नेत नाहीत, सगळं भिंतीच्या पोटात. धाकटा भाऊ आय.टी.आय. होऊन आला की बहिणीच्या घराचं हे असं होतं.

आई : घर बांधून राह्यला का फोडून राह्यला रे?
प्र. : माय, लाइट दिसला पाह्यजे, वायर नाई.

अडचण एकच. खाचा बुजवायला गवंडी नाही. घर बांधणारे रशीद मिस्त्री कारंज्याच्या मोठ्या कामावर गेलेत. प्र.ला १ फेब्रु.ला अकोल्यात नोकरीवर हजर व्हायचंय. त्याच्या आत खाचा बुजून, वायरी ओढून, लाइन तपासणारे साहेब येऊन गेले पाहिजेत. गेले नाहीत तर? प्र. म्हणतो, "होते, ताई." त्याचं सगळं आजपर्यंत "होते" वरच झालं आहे.

रात्रीच्या भाकरीत लाल धूळ.

१२ जाने., रविवार

आज आम्हीच गवंडी. उरलेल्या अर्ध्या गोणीतलं सिमेंट काढलं. रेती कमी, सिमेंट जास्त, म्हणजे पक्कं होईल, हे डोकं माझं. तिसरी-चौथीला गणित शिकवते, पण प्रमाण कुठे वापरायचं ते कळायला हवं ना. हातानंच थापलं. एका दमात सगळी समोरची भिंत. मागं सरून पाहिलं तर भिंतीवर अजगर चढल्यासारखे दिसत होते. तरी दोघांना फार आनंद.

बोटांची सालं निघाली. उद्या खडू कसा धरणार.

१३ जाने., सोमवार

पहाटे चुलीपाशी होते. धप्प आवाज. मग आणखी एक धप्प. आमचा अजगर हातभर तुकड्या-तुकड्यांनी खाली. जे पडलं नाही त्याला पापडासारख्या चिरा. आईनं झाडू आणून दिला.

सिमेंट पायलीभर उरलं असेल. नवीन गोणीला तहसिलीतून परवाना, आणि तो कधी मिळेल ते तिथल्या बाबूलाच ठाऊक.

१५ जाने., बुधवार

कौसाबाई आली होती. आमच्याच वस्तीतली, चार घरं सोडून. अठरा वर्षं रशीद मिस्त्र्यांच्या हाताखाली घमेली वाहते. या घराची प्रत्येक वीट तिच्या डोक्यावरून गेली आहे. मिस्त्री कारंज्याला गेल्यापासून तिलाही काम नाही. भिंत पाहून पदर तोंडाला लावून इतकी हसली की आईलाही हसू फुटलं.

"बाई, कोरड्या विटेले सिमेंट लावलं काय? भिंत तहानेली असते. पहिले तिले पानी पाजा लागते. नाई तं थे सिमेंटातलं पानी पिऊन घेते, मंग सिमेंट मरून जाते."

मग खाचेत फुंकर मारली. धुळीचा लोट. "अन् हे झाडलं नाई."

मी विचारलं, "तुम्हाला येतं का हे?"

तिनं खाचेत बोट फिरवून पाहिलं. "येते का ते मालूम नाई. अठरा वर्सं पाह्यलं हाय. भरून देऊ का?"

मी लगेच हो म्हटलं. आई पाठीमागून : "बाई मानूस थापी धरते का कुठं?" कौसाबाईनंही मान हलवली. मिस्त्र्यांची जुनी थापी आमच्या कोपऱ्यात पडलेली होती, मी काढून दिली तर हात मागे घेतला. "नाई जी. थे त्याइची."

मग आईच्या भाकरी उलटायच्या सराट्याकडे पाहिलं. "हा चालते."

१७ जाने., शुक्र.

सराट्यानं काम सुरू. शाळा सकाळची होती म्हणून दुपारी पाहायला मिळालं.

कुंच्यानं खाच झाडते. लोट्यानं पाणी मारते, थांबते, पुन्हा मारते. वीट फुसफुसायची थांबली की मग माल, म्हणजे कालवलेलं सिमेंट. एका वाटी सिमेंटला चार वाट्या रेती. (माझं उलटं होतं.) पहिला थर काठाच्या आतच, खडबडीत ठेवला. मला वाटलं कंटाळली. "पहिला थर पोटात, दुसरा उद्या तोंडावर. एकाच दिवशी केलं का फाटते." सराट्याच्या टोकानं त्यावर आडव्या-उभ्या रेघा मारल्या, म्हणजे दुसरा धरून बसतो.

बोलते आहे ते माझ्याशी नाही, भिंतीशी. "घे माय, पी. अजून पी." चौथीतल्या पोरांना असं शिकवता आलं पाहिजे.

आई शेंगदाणे सोलत बसून पाहत होती. शेवटी एक मूठ नेऊन तिच्या पदरात टाकली. सराट्याबद्दल तक्रार नाही.

१९ जाने., रविवार

तिन्ही भिंती भरून झाल्या! ओल्या पोत्यानं पुसून असं सपाट केलं की हात फिरवला तरी कडा लागत नाही. दिवसातून तीनदा पाणी मारायची ड्यूटी माझी. प्र. जरा फुगलाय. त्याच्या पाइपांचं कौतुक कोणीच करत नाही ना.

२३ जाने., गुरुवार

वाईट दिवस. म्हणजे संध्याकाळपर्यंत.

प्र. वायरी ओढायला बसला. दोन भिंती सरळ गेल्या. तिसरीत वायर वरून घातली, दीड हात गेली आणि अडली. खालून घातली, तिकडूनही अडली. ढकललं, ओढलं, पाइपात रॉकेलचे थेंब सोडले. नाही.

प्र. चिडून म्हणाला, "मावशी, माल पाइपात गेला तुमचा. मी म्हनलं होतं का नाई मिस्त्री येऊ द्या म्हणून?" (म्हटलं नव्हतं.)

कौसाबाईचा चेहरा असा पडला की मला पाहवेना. हात धुतले. मला वाटलं आता जाते घरी. पण तिनं वायर पाइपातून बाहेर ओढली, जिथपर्यंत आत गेली होती तिथे चिमूट धरली, आणि तीच वायर बाहेरून भिंतीवर लावून कोळशानं खूण केली. खालूनही तसंच. दोन खुणांत वीतभर अंतर. "सारी भिंत नका फोडू. एवढीच."

स्वतःच भरलेलं, स्वतःच फोडलं. छिन्नी अशी धरली होती जणू आत कोणी झोपलंय.

बरोबर पाइप वाकतो तिथे. प्र.नं जोड उकलला आणि आत बोट घातलं. सिमेंट नाही. लाल काहीतरी. ओढलं तर लुगड्याची चिंधी. मग आणखी एक. मग तिसरी, काठ असलेली.

तो काठ घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा.

आई भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "वाकते तिथं तोंडं उघडीच होती पाइपाईची, जोडायच्या पहिले. मले वाटलं करंट खाली सांडीन."

कौसाबाई खालीच बसली हसत. प्र. हसता हसता रडला, मग तिच्या पाया पडायला गेला, तिनं छिन्नी उगारली. आईनं गुपचूप चहा ठेवला, साखर दुप्पट.

२६ जाने., रविवार

झेंडावंदन. पोरांनी "विजयी विश्व" बेसूर पण जोरात म्हटलं. बुंदीचे लाडू.

दुपारी रशीद मिस्त्री सुट्टीवर आले ते थेट आमच्याकडे. म्हातारे, दाढी पांढरी, कमरेत जरा वाकलेले. कौसाबाई पाणी मारत होती, त्यांना पाहून लोटा खाली ठेवून दारामागे गेली.

भिंत पाहिली. चष्मा पुसला. पुन्हा पाहिली. मग कोपऱ्यातली थापी उचलून तिच्या दांड्यानं खाचेच्या रेषेवर वरून खाली ठोकत आले. ठक ठक ठक ठक. एके ठिकाणी ठब्. थांबले.

"इथं पोकळ हाय."

दारामागून : "तिथं गुरुवारी उघडून पुन्हा भरलं. वल्ली हाय अजून."

"हम्." पुढं ठोकत गेले. तिन्ही भिंती. "कोनं भरलं हे? कारंज्याचा कोनी आला होता काय?"

मग आईच, जिनं बाई माणसानं थापी धरू नये म्हटलं होतं ती : "आमच्या कौसानं भरलं. सराट्यानं."

मिस्त्री मोठ्यानं हसले. "सराट्यानं! या अल्ला!" मग हसू एकदम थांबवून म्हणाले, "कौसे, बाहीर ये. अठरा साल घमेलं देऊन राह्यली, बोलली काहून नाई?"

"तुमी कधी इचारलं नाई."

मिस्त्र्यांनी आपल्या हातातली थापी उलटीपालटी करून पाहिली. त्यांना चहा दिला, तो निवला. जाताना म्हणाले, "कारंज्याले पोरींचं वसतिगृह बांधून राह्यलो. तिथं बी असेच पाइप हायेत भिंतीत, दोनशे खाचा असतीन. उद्याच्या सोमवारी नाई, पुढच्या सोमवारी अकराच्या गाडीनं मी जातो. येते का? घमेल्यावर नाई. थापीवर."

थापी तिच्यापुढे ठेवून गेले. तिनं उचलली नाही.

२८ जाने., मंगळ.

कौसाबाईकडे गेले होते. मला वाटलं आनंदात असेल. निवडत बसली होती तूर. मीच जोरजोरात बोलत होते, जा म्हणून, असा मौका येत नाही म्हणून. ती तूर निवडतच राहिली.

"बाई, घमेलं डोक्यावर असलं का कोनी पाह्यत नाई. थापी धरली का सारे पाह्यतात. तिथं चार मिस्त्री बसते लायनीत. मिस्त्री चुकला तं म्हनतात भिंत खराब होती. मी चुकली तं म्हनतीन, बाईच होती."

शाळेत पहिल्या वर्षी मलाही असंच वाटायचं, तेवढं सांगितलं.

"मंग?"

"मग काही नाही. चुकले. पुन्हा शिकवलं."

"हम्," म्हणाली. मिस्त्र्यांसारखंच.

३० जाने., गुरुवार

साहेब आले, तपासून गेले. एकही खोट काढली नाही. दिवेलागणीला प्र.नं बटण दाबलं.

आई म्हणाली, "अंधारात घर मोठं वाटे." मग स्वतःच तीनदा बटण बंद-चालू करून पाहिलं. अर्धी वस्ती दारात. सगळे वर दिव्याकडे पाहत होते. कौसाबाई एकटीच भिंतीपाशी, तिरप्या उजेडात खाच दिसते का ते गाल टेकवून पाहत होती.

दिसली नाही. मीही पाहिलं.

१ फेब्रु., शनि.

प्र. गेला. पेटीत लाडू, पक्कड, दोन सदरे. घर रिकामं वाटतं. आई येता-जाता बटणाला हात लावते, दुपारीसुद्धा.

थापी अजून इथेच.

३ फेब्रु., सोमवार. शाळेत, मधली सुट्टी

सकाळी मी डबा भरत होते तर कौसाबाई दारात. हिरवं धुतलेलं लुगडं, केस चापून. बसली नाही. म्हणाली, "बाई, मिस्त्री लोक हजेरीवर सही करते. घमेलं वाहनाऱ्या रेजाईचा आंगठा असते. माह्यं नाव कसं लिवते?"

पाटी सापडेना. कोळशानं खाली फरशीवर पूर्ण नाव लिहून दाखवलं. तिनं उकिडवं बसून गिरवलं. 'कौ' चांगला आला, वरच्या दोन मात्रा तर माझ्यापेक्षा सरळ. 'स' तीनदा उलटा पडला, चौथ्यांदा बसला. 'ल्या' वर अडलो. जोडाक्षर आहे, घाईत नाही येत. शाळेची वेळ झाली. मी म्हटलं, 'कौस' एवढं लिहा आज, चालतं.

"अर्धं नाव?" म्हणाली. काही ठरलं की नाही कळेना. विचारायचं धाडस माझं झालं नाही. मी निघाले तेव्हा ती खाली वाकून कोळशानं पुन्हा सुरुवात करत होती आणि आई तिच्यासाठी भाकरी बांधत होती. दोघींत काय बोलणं झालं ठाऊक नाही.

अकराची गाडी सव्वाअकराला आली. वर्गात भागाकार चालू होता. हॉर्न ऐकला. खिडकीतून फक्त टप दिसला, त्यावर दोन सायकली आणि कोंबड्यांची टोपली. दारातून कोण चढलं ते शाळेपुढच्या चिंचेआड झाकलं गेलं. गाडी नेहमीपेक्षा जरा जास्त थांबली, एवढं खरं.

पोरांना विचारता आलं असतं, एखादं पळत जाऊन पाहून आलं असतं. नाही पाठवलं. संध्याकाळी घरी गेल्यावर कळेलच.

घंटा झाली.