खुर्चीमागचा डाग

तीर्थरूप वन्संना,

पाया पडते. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे देवाच्या कृपेने ठीक. विचारायला कोणी नाही, म्हणून आपणच सांगते.

पत्राचं कारण भिंती. मुलाने फोनवर हुकूम सोडला, "आई, घर रंगवून घे, कळकट झालंय." (आला नव्हता हो, व्हिडिओत दिसलं म्हणे.) रंगारी बोलावला. त्याने डिस्टेंपर, ऑइलपेंट आणि वॉलपेपर असे तीन नमुने शेजारी शेजारी लावून दाखवले. मॅट्रिकच्या पेपरालाही मी इतकी अडले नव्हते. ऑइलपेंट असा चकाकतो की मान वळवली की भिंतीत आपणच, आणि या घरात मी मला पुरेशी दिसते. डिस्टेंपर स्वस्त, म्हणून मन तिकडे गेलं, तर ह्यांच्या खुर्चीमागचा डाग आडवा आला.

तो तुम्हाला ठाऊक आहेच. तुमच्या माहेरची डोकी म्हणजे तेलात बुडवून काढलेली! हे पेपर वाचताना मान टेकायचे, त्याने भिंतीवर ताटाएवढा गोल उमटला. जन्मभर मी ह्यांना टोकलं, की हिशेबात तेल भिंतीच्या नावाने मांडू का? तर म्हणायचे, "मांड. केस आले तर तिला फणीही आण."

रंगारी म्हणाला, "मावशी, हा खरवडावा लागेल, नाहीतर रंगातून वर येतो." म्हटलं, मग वॉलपेपर लाव, डाग आत सुखरूप राहील. तर तेलावर कागद धरत नाही म्हणे. शेवटी सांगितलं, सगळीकडे डिस्टेंपर मार आणि तेवढा गोल सोड.

"मावशी, येणारे-जाणारे हसतील!"

"हसू देत की. येतंय कोण?"

तो ब्रश घेऊन कामाला लागला. सांगितलं तेवढंच केलं असतं तर बरं होतं. गेल्या आठवड्यात मी जपाला बसले (हल्ली माळ जास्त वेळ ओढते, देवालाही तेवढीच सोबत) आणि उठून बघते तो डाग गायब! माझी कीव येऊन त्याने खरवडून, पुट्टी भरून, रंग मारून ठेवलेला. "याचे पैसे नकोत, मावशी." फुकट मिळालेल्यावर चिडायची मला सवय नाही. चहा दिला. भिंत छान दिसते. मी त्या खोलीत बसत नाही.

तुमची भावजय

ता. क. चार दिवस राहायला या. रंगाचा वास गेलाय.

आणखी एक. येताना डोक्याला तुमच्या माहेरच्या रीतीने तेल थापून या. खुर्ची जागेवरच आहे. खुशाल मान टेकून बसा, मी काही बोलणार नाही.