सिजद्यात वर येणारा घास

४ मार्च, नांदेड
लातूरहून कॉलेजातले तास घेऊन थेट बस. इफ्तारला पोचलो. अब्बा आणखी वाळलेत. कॉलर मानेभोवती सैल. एक खजूर, दोन घोट पाणी, मग हात आखडता. अम्मी म्हणते, "सहरीकू भी इतनाच. पूछे तो बोलते, पेट भरा."
दोन वर्षं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या. खोकला वेगळाच. थुंकी तपासली, टी.बी. नाही. मग काय?
मशिदीत अब्बा आता खुर्चीवर बसून नमाज पढतात. मी वर्षभर गुडघ्यांसाठी तेल आणतो आहे.

५ मार्च
असरची, दुपार कलल्यावरची नमाज त्यांनी घरीच पढली. दार लोटलेलं. फटीतून दिसलं. सिजद्यात वाकले, कपाळ जमिनीला टेकलं आणि तोंडावर रुमाल दाबून उठले. रुमालात भात. पहाटे सहरीला खाल्लेला. शीत न् शीत सुटं. आंबट वासही नाही.
"घुटनों कू कुछ नै हुआ रे," म्हणाले. "झुके की ऊपर आता. मस्जिद में, सब के सामने..."
 यानं रोजा तुटतो का, हेही कुणाला विचारलेलं नाही. लाजेनं. त्यापेक्षा सहरीला खाणंच कमी केलं.
तेलाच्या बाटल्या कपाटात, न फोडलेल्या.

७ मार्च
डॉक्टरांना भाताचं सांगितलं. खुर्चीत पुढं सरकून बसले. "पहाटेचा भात दुपारी जसाच्या तसा? मग तो पोटात गेलाच नाही. वाटेत थांबतोय." बेरियम पाजून फोटो काढायचा.
अब्बा : ईद के बाद.
अम्मी : अल्ला बीमार कू छूट दिया, तुम कौन रोकनेवाले?
डॉक्टर हसले. अब्बा नाही.

९ मार्च
फोटो पाहिला. अन्ननलिका पांढऱ्या रेघेसारखी उतरते. तळाशी, पोटाच्या जरा वर, उजवीकडे पिशवी. पेरूएवढी. पांढरं औषध तिथंच साचलेलं. नळीचं खालचं तोंड सैल होत नाही, वरून जोर लागतो, मध्ये भिंत फुगते, असं डॉ. म्हणाले. रेडिओसारखं ऐकलं, डोक्यात शिरलं नाही. मग प्रत परत मागून पुन्हा पाहत बसलो.
पुढच्या तपासण्या लातूरला.

२५ मार्च, लातूर
घशातून दुर्बीण घालून तपासणी झाली. दुर्बीण हळू घालावी लागली, पिशवीत शिरू नये म्हणून. कॅन्सर नाही. मी दोनदा विचारलं. नंतर नाकातून नळी घालून अन्ननलिकेतला दाब मोजला. अब्बांच्या डोळ्यांतून पाणी. तक्रार नाही.
सर्जन : "पिशवी लहान असती, त्रास नसता, तर हातही लावला नसता. इथं अन्न फुप्फुसात उतरतंय, खोकला त्यामुळंच. आणि नुसती पिशवी कापून भागणार नाही. खालचा घट्ट स्नायूही चिरायचा. नाहीतर दाब तसाच, टाके उसवणार."
"केल्यावरही उसवू शकतात?"
"हो."
बरं झालं, खोटं बोलले नाहीत. बरं झालं का?

२ एप्रिल
अब्बा माझ्याकडेच. ईद झाली. शीरखुर्मा वाटीभर. निम्मा परत आला.
"बहत्तर का हूं. आधे पेट जी लूंगा." मग अचानक : "मेरी जगे तू रहता तो?"
ऑपरेशन करून घेतलं असतं, म्हणालो. लगेच. विचार न करता.
"तो फिर ठीक है."
सकाळभर घरात येरझाऱ्या. वर्गावर गेलो, तास अर्धवट सोडला. त्यांनी मला विचारायला नको होतं. मी तरी...

८ एप्रिल
ऑपरेशन झालं. पोटाला भोकं पाडून, आतून. पिशवी काढली, स्नायू चिरला, जठराचा थोडा भाग वळवून खालच्या तोंडाला टेकू दिला. छातीत नळी. तोंडानं काही द्यायचं नाही.

१२ एप्रिल
ताप. फार नाही. सर्जन नळीतलं पाणी उजेडात धरून बघतात. अम्मी माझ्याशी कमी बोलते. की मलाच तसं वाटतं.
शेजारच्या खाटेजवळ चाकूरचा शेतकरी, बापाला घेऊन आलाय. "चाचा, घाबरू नका. आमचा म्हातारा परवा पानी पिला न्हाई, आज चहासाठी भांडायलाय." अब्बा हसले. टाके दुखले.

१३ एप्रिल
औषध पाजून पुन्हा फोटो. सरळ खाली गेलं. "गळती दिसत नाही," सर्जन म्हणाले. दिसत नाही म्हणजे नाही का, विचारलं. "ताप उतरला की कळेल. आज चमच्यानं पाणी सुरू करू."
चमचा मी धरला. अब्बांनी पाणी तोंडात घेतलं आणि तसेच बसले. गाल फुगलेले, डोळे माझ्यावर.
"उतारो, अब्बा."
डोळे मिटले. कंठ हलला. अम्मी माझ्या खांद्याशी येऊन उभी.
"गया?" मी विचारलं.
त्यांनी पंजा वर केला. थांब.