जावईबापू नापास

५ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी शास्त्रज्ञ बहीण तोंडावर आपटली आहे. आधी पोटभर हसून घे, मग पुढे वाच.

आपल्या पेशींतला डीएनए रोज कुठे ना कुठे तुटतो आणि एक एन्झाइम तो दुरुस्त करत बसतं; ते नसलं, की कॅन्सरचा धोका वाढतो. ते आहे की नाही हे ओळखायला आमच्याकडे एक अँटीबॉडी आहे. ती त्यालाच नेमकी चिकटते आणि कागदावर काळी पट्टी उमटते, असं मी समजत होते. पट्ट्या इतक्या देखण्या यायच्या, की त्या अँटीबॉडीच्या नळीचं नाव मी जावईबापू ठेवलं. फ्रीजरमधली उत्तम जागा त्यांची, ताजा बर्फ त्यांना, आणि मी आपली हात जोडून उभी.

सुट्टीत मी घरच्यांचं रक्त नेलं होतं, आठवतं? सुई बघून बाबा खुर्चीतून घसरले होते. सगळ्यांच्या पट्ट्या आल्या आणि मी तोऱ्यात कळवलं, आपलं घर पास!

काल पेपर पाठवण्याआधी राहिलेली एक चाचणी केली. ज्या पेशींतून ते एन्झाइम मुद्दाम काढून टाकलंय, त्या तपासल्या. दादा, तिथेही तीच पट्टी, अगदी ठसठशीत! म्हणजे जावईबापू भलत्यालाच चिकटून बसलेत. ही चाचणी सगळ्यात आधी करायची असते रे. पण लग्न लागल्यावर जावयाची चौकशी करायला धीर होत नाही, तसं झालं माझं.

आमच्या गाईड बाईंना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर पेपर बारगळणार, डिग्री लांबणार. नाही सांगितलं तर उद्या एखादा डॉक्टर त्या पट्टीवर विसंबून कुणाचं तरी औषध ठरवेल. काय करायचं ते कळतंय, पाय उचलत नाही. तू जरा रागाव.

वहिनीला नमस्कार. या प्रतापानंतरही लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खारू

११ जून

चि. खारूस,
अ. आ.

हसलो. तुझी वहिनी माझ्याहून जास्त हसली. मी शाळेत इतकी वर्षं पेपर तपासतोय, पण परीक्षेला न बसलेल्याला पास करायची हिंमत मलाही झाली नाही.

आता रागावतो. बाईंना सांग, हे पत्र खाली ठेव आणि जा.

खरी पंचाईत बाबांची आहे. आईच्या त्या आजारपणानंतर ‘हे आपल्या घरात तर नाही ना’ हा एकच घोर त्यांना लागला होता. तू पास म्हणालीस तेव्हापासून ते शांत झोपतात. सकाळी फिरायला येणाऱ्या सगळ्या मंडळींना निकाल सांगून झालाय. त्यांना कसं सांगू, ते तूच सुचव.

लोभ आहे तेवढाच आहे, चिंता करू नकोस.

दादा

२ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

सांगितलं! बाईंनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून पाहिल्या. मग म्हणाल्या, की स्थळ मीच आणलं होतं, तू एकटी कशाला रडतेस. पेपर थांबला.

नवी अँटीबॉडी आली आहे. आधी त्या एन्झाइम नसलेल्या पेशींवरच लावली. काहीच आलं नाही! कोरा पांढरा कागद बघून इतका आनंद होणारी बाई तू पाहिली नसशील.

पण घरचं रक्त जावईबापूंनीच संपवलं. पुन्हा मागायला मला तोंड नाही. बाबांना तूच सांग, हळू सांग. आणि माझी बाजू जमेल तेवढी धर.

तुझी लोभातली, पण जरा घाबरलेली,
खारू

९ जुलै

चि. खारूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दादाने सगळं सांगितलं. दोन दिवस तुझ्यावर रागावलो होतो, आता नाही. फिरायच्या मंडळींना मीच सांगितलं, की आमचा निकाल रद्द झाला. फार हसले मेले.

झोप पुन्हा उडाली आहे, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. तरी तू ये. या वेळी हात असलेली खुर्ची काढून ठेवली आहे, म्हणजे घसरणार नाही. तू सुई धर, मी डोळे मिटतो.

आणि पट्टी आली नाही, तरी मला तसंच सांग.

तुझे,
बाबा