नळीचा रंग

८ जानेवारी १९६२, सोमवार
विटकरी! पुन्हा विटकरी!
दोन महिने झाले, रोज सकाळी ह्यांच्या लघवीचे आठ थेंब निळ्या औषधाच्या नळीत घालून स्पिरिटच्या दिव्यावर उकळते. डॉक्टरांनीच शिकवलं. निळा राहिला तर साखर नाही, हिरवा म्हणजे थोडी, मग पिवळा, नारिंगी, आणि सगळ्यात वाईट विटकरी. मॅट्रिकच्या विज्ञानाचा उपयोग हा असा व्हायचा होता.
डॉक्टर म्हणाले होते, "गोड बंद. तळलेलं बंद." घरात साखर-गूळ बंद केला. पण हे बाहेर! देवीची लस टोचायला रानशेतकडे सायकलवरून जातात, वाटेत प्रल्हादभाईच्या हॉटेलात थांबायची वीस वर्षांची सवय. उभ्या उभ्या बेसनाच्या गाठ्या, तळलेली मिरची, की चालले. म्हणतात, "दिवसाला बारा मैल पाय मारतो. गाठ्या काय, खिळे खाल्ले तरी जिरतील!"
मग जिरत का नाहीत?

९ जानेवारी
नारिंगी. ह्यांची रात्रीची भात-भाकरी तर मी कधीच बंद केली. पूजा झाली की नैवेद्याचे चार चिकू आणि कपभर दूध, बस. फळं विकणारी जिवली चिखल्याच्या वाडीतून टोपली आणते, दबलेले असतात म्हणून स्वस्त. झाडावरचं, देवापुढचं, तेलाचा थेंब नाही. याहून हलकं काय असणार?

११ जानेवारी, गुरुवार
पूजा आटोपून थेट हॉटेलात गेले. बायामाणसं जात नाहीत तिथे. गेले! प्रल्हादभाईला म्हटलं, "ह्यांना गाठ्या दिलेत तर पाप लागेल तुम्हाला."
तो हात जोडून म्हणतो, "बेन, साहेब तर दिवाळीपासून खाली मोळी, फिक्की चाय पिऊन जाते. साखर बी नाय. गाठ्याला हात नाय लावत. उलटा मलाच सांगते, तू पण कमी खा, पोट बघ तुझा!"
सगळे हसले. मी नाही. हॉटेलवाला गिऱ्हाइकाचीच बाजू घेणार.

१५ जानेवारी
विटकरी. ह्यांच्या शर्टाचा खिसा हुंगून पाहिला. त्यांनी पाहिलं. सरळ देवघरात गेले, दत्ताच्या तसबिरीवर हात ठेवला. "दिवाळीपासून बाहेरचं तळलेलं तोंडात घातलं नाही. झालं समाधान?"
झालं नाही. नळी काय खोटं बोलेल? देवापुढे खोटी शपथ! साखरेपेक्षा ह्याचीच भीती वाटते. त्यांच्यासाठी मी दर गुरुवारी मीठ सोडलं.

२२ जानेवारी
उजव्या पायाच्या अंगठ्यात काटा गेला होता, रानशेतच्या पाड्यात. काढला. जखम ओली आहे. सायकल चालूच.

२७ जानेवारी
शेजारच्या अहिल्याबाई म्हणाल्या, "आमच्यांना रोज स्टेशनच्या गाडीवरचे वडे लागतात. चालणं म्हणाल तर खुर्चीपासून ताटापर्यंत. काही झालंय? तुम्ही फार जपता हो, वसुमतीबाई, म्हणून होतं!" हसत म्हणाल्या. त्यांच्या घरी तीळभर आजार नाही. राबणाऱ्याला चालतं म्हणावं तर राबणारेच आजारी. देवाचा हिशेब मला जुळत नाही.

५ फेब्रुवारी, सोमवार
हे आठवड्यासाठी तळासरीला गेले. देवीची साथ आहे, घरोघर टोचायचंय. डबा नाही की पथ्य नाही. नळी पुसून ठेवली. जखम अजून ओलीच.

१२ फेब्रुवारी, सोमवार
पहाटेच्या एस.टी.ने आले. हातपाय धुवायच्या आधी नळी पुढे केली.
हिरवी!!
मी रडायलाच लागले. विचारलं, काय खाल्लंत? म्हणाले, "खरं सांगू? तुझ्यावर रागावलो होतो. नाहीतरी चोर ठरलोय, तर चोरी करून बघू. सकाळ-संध्याकाळ गाठ्या, मिरची. बाकी डाळ आणि अर्धी भाकरी."
गाठ्या खाऊन हिरवी कशी होईल? माझं अळणी व्रत फळलं, दुसरं काय! आज आनंदाने नैवेद्याला सहा चिकू ठेवले. सगळे त्यांनाच दिले. "पुरे गं," म्हणाले. मी म्हटलं, प्रसादाला पुरे म्हणू नये.

१३ फेब्रुवारी
विटकरी. काल दिवसभरात प्रल्हादभाईकडे गेले असणार. तळासरीची चटक लागली. आज एक शब्द बोलले नाही त्यांच्याशी.

१९ फेब्रुवारी
अंगठा काळा पडतोय. दुखत नाही म्हणतात. दुखत नाही हेच वाईट, असं डॉक्टर म्हणाले. सायकल भिंतीला टेकवून ठेवली.

२६ फेब्रुवारी
मुंबईचं इस्पितळ. अंगठा काढला. मी दादरला मावसबहिणीकडे उतरले आहे. दत्ताला विचारलं, खोट्या शपथेची एवढी शिक्षा?

६ मार्च
जखम वर सरकतेय. घोट्यापर्यंत पाय कापावा लागेल म्हणतात.
जिवलीने गाडीने येणाऱ्या कोणाबरोबर तरी टोपली पाठवली, पैसे न घेता. संध्याकाळी बहिणीकडच्या देवाला दाखवून चार चिकू इस्पितळात नेले. सोलत होते तर नर्स आली.
"हे कोणासाठी?"
"ह्यांच्यासाठी. रोज रात्री देते. जेवण बंदच केलंय."
"बाई, गोड बंद सांगितलं होतं ना?"
"साखर नाही, गूळ नाही. फळ आहे."
"फळ! मग ह्याच्यात काय मिरची भरलीय?" तिने बशी उचलली.
हे उशीवरून म्हणाले, "ओरडू नका सिस्टर. प्रसाद आहे तो."
हातात सोललेला चिकू राहिला होता. बोटं चिकट झाली होती. जिभेला लावून पाहिली. गुरुवार नव्हता, तरी दिवसभर काही खाल्लं नव्हतं. किती गोड!

८ मार्च, गुरुवार
निळी.
शपथ खरी होती.