पोराकडे कन्फेशन

१५ मार्च, रविवार
आमचे फादर गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलेत. त्यांच्या जागी दोन आठवडे मुंबईहून बदली फादर आलाय, आमचाच विली. रोझी मासळी वाढताना पोटच्या पोराला म्हणते, "फादर, आजून येक तुकडी घ्या." मी विलीच म्हणतो.
आज प्रवचनात म्हणाला, बापपण मुळात देवाचं, आपल्या बापांकडे ते तिथून आलंय. इथवर ठीक. मग म्हणे, "फादर व्हायला सेमिनरीत अर्ज केला होता, त्याचं पत्र टपालात हरवलं, हे मला नंतर स्वतः जाऊन विचारलं तेव्हा कळलं. पण तोवर दोन वर्षं वाटायचं, देवबापालाच मी नको आहे." बायका डोळे पुसायला लागल्या. मला बाकावर बसवेना.
पत्र हरवलं नव्हतं. मी लपवलं होतं.

१६ मार्च
एकदा लिहूनच टाकतो. पोस्टमन आमच्या इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपवर आला तेव्हा विली सामान आणायला रेवदंड्याला गेला होता. फोडून वाचलं. प्रवेश मिळाल्याचं. ग्रीसच्या डब्यामागे कोंबलं, पुढे जाळलं. एकुलता एक पोरगा. होडीचं इंजिन नुसतं ऐकून दुखणं सांगायचा. ती दोन वर्षं आम्ही शेजारी शेजारी काम केलं, तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही. आणि हा तेव्हा देवावर रुसलेला! नकार माझा, नाव देवाचं लागलं.

१८ मार्च, बुधवार
रोझीची कटकट. "सा म्हयने कन्फेशन न्हाय केलंव. घरात फादर हाय नि..." अलिबागला जाऊन दुसऱ्या फादरांकडे करता येईल. पण विलीकडेच केलं तर देवालाही सांगून होईल आणि पोरालाही. एका खेपेत दोन कामं. शनिवारी जातो.

२१ मार्च, शनिवार
केलं. जाळीपलीकडे, ज्याचं नाक पुसलं तो. सगळं सांगितलं. मग हळू आवाजात क्षमेची प्रार्थना. प्रायश्चित्त म्हणून 'हे आमच्या स्वर्गातील बापा', एकदा. फक्त एकदा! शिव्या दिल्याचं कबूल केलं तरी याहून जास्त मिळतं.
जेवताना वाटलं, आता काहीतरी बोलेल. "आई, भात वाढ." बस्स.

२२ मार्च
मूर्ख म्हातारा! कन्फेशनमधलं त्याने बाहेर काढायचं नाही, माझ्याजवळसुद्धा नाही, मरेपर्यंत. हे मला सत्तराव्या वर्षी जेवणाच्या टेबलावर आठवलं. देवाने माफ केलं, ते पक्कं. विलीने केलं का? विचारायची सोय नाही. गोळ्या घेतल्या का विचारतो, पण माझ्याकडे बघत नाही. आधी पत्र लपवलं, आता त्याचा रागावायचा हक्कही काढून घेतला. परत सांगायला हवं. बाहेर, त्याचा बाप म्हणून.

२५ मार्च
आजही नाही जमलं. सकाळी चर्चमध्ये मिस्सा, मग आजाऱ्यांच्या भेटी, संध्याकाळी बायकांची प्रार्थना. अख्ख्या गावाला हा मिळतो, मला तेवढा मिळत नाही. एकदा ओट्यावर एकटा सापडला, तर मीच हवामानावर बोललो. स्वतःचीच चीड येते.

२८ मार्च, शनिवार
रेवसला सोडायला गेलो. लाँचला वीस मिनिटं होती. धक्क्यावरच सांगितलं, पहिल्यापासून, जणू पहिल्यांदाच. त्याने बॅग खाली ठेवली.
"हे मला इथे सांगताय?"
"हो. इथेच. फादरला नाही, विलीला."
मग जो ओरडला! "दोन वर्षं, पप्पा! तुमच्या शेजारी बसून रडायचो मी! आणि तुम्ही पाना मागायचात!" तिकीटवाला खिडकीतून वाकून बघायला लागला. मी मान खाली घालून ऐकलं. लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.
लाँच सुटली. मी हात केला, त्याने नाही.
भाऊच्या धक्क्यावर उतरला की लगेच फोन करतो, नेहमी. उतरून तीन तास झाले असतील.
आत्ता रोझी येऊन गेली. "फादरांचा फोन न्हाय आला?"
म्हटलं, विली रागावलाय.
"कोनावर?"
चहा ठेव, म्हटलं, सांगतो.